अकबरचाचांचा काटा

माझ्या वडिलांचं, अण्णांचं तेरावं झालं, त्या दिवशी त्यांचे दोस्त अकबरचाचा घरी आले. भोसरीत त्यांचं भंगारचं दुकान होतं. शाळेत असताना मी कबड्डीत चाळीस किलोच्या गटात खेळायचे. बाहेरगावच्या प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी अण्णा मला चाचांच्या काट्यावर उभं करायचे. शेवटचं वर्ष सोडलं तर वजन हमखास अर्धा किलो जास्त भरायचं. मग मी न जेवता दिघीपर्यंत पळून यायचे. मागून सायकलवर अण्णा. पहाटे एसटीने कधी बारामती, कधी सांगली.

चाचा भिंतीवरच्या माझ्या बक्षिसांच्या ढाली बघत होते. म्हणाले, "पोरी, काट्याला मी पायाचा अंगठा लावायचो. दत्तोबानंच, तुझ्या अण्णानंच सांगितलं होतं. वजन बसत नाही म्हटल्यावर तू आपणहून खेळ सोडशील, रविवारी घरात राहशील, असं त्याला वाटायचं."

"मग मला सरळ का नाही सांगितलं?"

"तू काट्यावरून उतरलीस की पळतच सुटायचीस. तो म्हणायचा, जाऊ दे राव, पोरीचा जीव आहे त्यात."

मी तर अण्णांना आवडतं म्हणून पळत होते.

"शेवटपर्यंत लावलात अंगठा?"

"नाही. शेवटच्या वर्षी त्यानंच बंद करायला लावलं."

"का?"

"ते मी नाही विचारलं."

मैदानावर वजन झालं की अण्णा घाईघाईने डबा उघडायचे. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी आठवून पाहिला. काहीच नक्की कळेना.

आईने विचारलं, "भिंतीला चुना लावायचाय. ढाली काढू का गं?"

"काढ," मी म्हणाले. मग म्हणाले, "थांब."

आई हातात फडकं घेऊन उभी राहिली.