कोऱ्या लेटरहेडवरची सही

सकाळी चहाच्या आधी पन्नास कोऱ्या लेटरहेडवर सह्या करायच्या, हा बाईंचा पंचवीस वर्षांचा नेम. त्या पाच वेळा आमदार झाल्या. पण पत्रांत काय लिहायचं ते त्यांचे यजमान ठरवत. लोक यजमानांना 'साहेब' म्हणत आणि आमदारांना नुसतं 'वहिनी'. बाहेरच्या खोलीत माणसांची रीघ लागलेली आणि आतल्या खोलीत बाई एकट्या. असलं एकटेपण वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

त्या दिवशी साहेब पक्षाच्या बैठकीला गेले होते, म्हणून शाळेतली शिक्षिका थेट आत येऊ शकली. तिनं टेबलावर एक कागद ठेवला.

"वहिनी, ही सही तुमचीच ना?"

"माझीच की."

"मग वर काय लिहिलंय तेही वाचा."

बाईंनी चष्मा लावला. 'सदर मुलीस मी व्यक्तिशः ओळखते. तिचे वय अठरा वर्षे पूर्ण आहे.'

"आठवीत आहे ती, माझ्याच वर्गात. चौदा वर्षांची," शिक्षिका म्हणाली. "आज चारला लग्न आहे तिचं. सकाळी पोलिसांना घेऊन गेले, तर तिच्या बापानं हे पत्र पुढे केलं. पोलीस आल्या पावली परत!"

"अगं, मी तर तिला पाहिलंसुद्धा नाही."

"तीही तेच विचारत होती. मॅडम, त्या मला कधी भेटल्या?"

बाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. अशा किती पोरींना आपण 'व्यक्तिशः' ओळखत होतो, देव जाणे. घड्याळात दोन वाजून गेले होते. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

पोलीस ठाण्यातला अधिकारी लगबगीनं उठला. "वहिनी, तुम्ही? साहेब नाही आले?"

"लिहून घ्या. ते पत्र खोटं आहे. न वाचता सही देणारी मी. माझ्यावर काय तो गुन्हा नोंदवा, पण आधी ते लग्न थांबवा."

अधिकाऱ्यानं साहेबांना फोन लावलाच. "तिला काय कळतंय? घरी पाठवा तिला!" पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

बाईंनी फोन हातात घेतला. "अहो, उद्यापासून घरात घेऊ नका हवं तर," त्या म्हणाल्या, "पण निवडून मी आलेय."

मांडवात पोलीस शिरले तसा मुलीचा बाप बाईंच्या अंगावर धावून आला. "वहिनी, पत्र तुमचंच होतं की!"

"होतं. म्हणूनच आलेय."

दोनशे माणसं जमली होती; एकानंही बाईंना बसा म्हटलं नाही. ह्याच लोकांनी त्यांना पाचदा निवडून दिलं होतं, आणि सहाव्यांदा देणार नव्हते, हे बाईंना त्यांच्या तोंडांवरूनच कळलं. मुलगी शिक्षिकेचा हात धरून गाडीत बसेपर्यंत त्या तिथंच उन्हात उभ्या राहिल्या.