हात लागला

"आधी तुजा हात लागू दे, मंग मी माजा सोडते."

सातपाटीच्या बंदरावर डोईवरची टोपली दुसरीच्या हाती देताना जिवली हे म्हणायची. दुसरीने टोपलीच्या बुडाशी हात घातला, "लागला गं" म्हणाली, की मगच जिवलीची बोटं सुटायची. तेवढा एक श्वास टोपली दोघींची असायची, आणि बोंबलांचं खारं पाणी दोघींच्या कोपरांवरून ओघळायचं. जिवलीची लेक प्रतीक्षा तेव्हा वाळूत बसून हे पाहत असे.

लेक इंजिनिअर झाली, बोईसरच्या कारखान्यात लागली, आणि तिथे तिला आईचेच शब्द भेटले. पाळी बदलताना जाणारा माणूस वाफेच्या व्हॉल्व्हच्या चाकावरून हात काढत नसे. येणाऱ्याने त्याच चाकावर हात ठेवायचा, "हात लागला" म्हणायचं, मग पहिल्याने सोडायचं. बाहेर शिफ्टची बस तेवढा वेळ थांबायची. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही. सातपाटीचंच कुणी असणार. पण पाळी बदलताना या कारखान्यात वाफ कधी सुटली नव्हती. कंपनीच्या गुजरातमधल्या कारखान्यात मात्र सुटायची. तिथेच प्रतीक्षाचा धाकटा भाऊ भाग्येश कामाला होता, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याचं मनगट भाजलं होतं.

एका कारखान्यातलं चांगलं हेरायचं, बाकीच्यांशी ताडायचं आणि सगळीकडे न्यायचं, हेच प्रतीक्षाचं काम. साहेबी भाषेत बेंचमार्किंग. तिने पाळीबदलाचं ध्वनिमुद्रण मुंबईच्या मुख्य कचेरीला पाठवलं. तिथल्या इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या यंत्राने "हात लागला"चं "हाताला लागलं" केलं. झालं. बोईसरमध्ये दर पाळीला अपघात होतो, अशी चौकशी लागली. पाळीचा सुपरवायझर अंकुश याच्याकडे खुलासा मागितला गेला, आणि तो कागद घेऊन प्रतीक्षाच्या टेबलाशी आला.

"ताई, कुठला हात लागला, विचारलंय. उजवा लिहू का डावा? दोनी लिवले तर सुट्टी मिळंल काय?"

डॉक्टर येऊन सगळ्यांचे हात पाहून गेला. हात धडधाकट निघाले, तर हे लपवाछपवीचं प्रकरण आहे असं कुणीतरी नोंदवलं. गैरसमज फिटेतो पावसाळा गेला. मग ही रीत सगळीकडे न्यायच्या प्रस्तावावर इतर कारखान्यांचे आक्षेप आले: आमचं चाक उलटं फिरतं, आमची बस थांबत नाही. शेवटी या कामाला वेग यावा म्हणून वेगळी समिती बसली, आणि तिने वेग म्हणजे काय यावर प्रत्येक कारखान्याचं लेखी मत मागवलं. प्रतीक्षाने ते पत्र वाचलं आणि कपाळ टेबलाला टेकवलं.

तोवर गुजरातेत पाळ्या बदलतच होत्या. मंजुरीआधी कुठलीही पद्धत दुसरीकडे न्यायची नाही, नेणाऱ्याला कामावरून दूर करतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी भाऊबीजेला भाग्येश घरी आला, तेव्हा तिने त्याला अंगणात उभं केलं. आईने मासळीची टोपली भरून डोक्यावर घेतली. "धर," म्हणाली. त्याने नुसतीच ओढली तशी आईने धरूनच ठेवली, आणि त्याला तोंडाने 'हात लागला' बोलायला लावलं, मगच सोडली. भाग्येश हसत परत गेला. प्रतीक्षाने हे फक्त अंकुशला सांगितलं.

आज मुंबईहून रुचिता मॅडम पडद्यावर आल्या, त्या प्रसन्न होत्या. बेंचमार्किंगच्या त्या प्रमुख. गुजरातेत दिवाळीनंतर वाफ सुटलेली नाही, म्हणाल्या, आणि कारणही सापडलं आहे. तिथे दिवाळीतच भिंतीवर हसऱ्या हेल्मेटचं पोस्टर लागलं होतं. समितीने तेच निवडलं. उद्यापासून सर्व कारखान्यांत पोस्टर, बाकीचे प्रस्ताव बंद.

"बघा, मनात आणलं की किती पटकन होतं," मॅडम म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या अंकुशने माइक बंद केला. "ताई, आता नाय बोललात तर भिंतीवर हेल्मेट हसत बसंल, आन् खाली मानसं भाजतील."

प्रतीक्षाला आईची बोटं आठवली, टोपलीच्या काठावर पांढरी पडलेली. तिने माइक पुन्हा सुरू केला.

"मॅडम, पोस्टरने काही झालेलं नाही. भाऊबीजेला मी माझ्या भावाला बोईसरची पद्धत शिकवली. तो तुमच्या गुजरातच्या कारखान्यात आहे. तिथे आता पाळी बदलताना 'हाथ लाग्यो' म्हणतात. मंजुरी नव्हती, मला माहीत होतं. मला काढायचं तर काढा. पण ही रीत बाकीच्या कारखान्यांत न्यायला आधी तुमचा हात लागू दे, मग मी माझा सोडते."