स्वतःचा आवाज विसरलेली गंगव्वा

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या घराच्या दारावर कोळशाने 'नाळे बा' लिहिलेलं असायचं. म्हणजे 'उद्या ये'. पुण्याहून राहायला आलेल्या पंधरा वर्षांच्या सिद्धीला घरमालकीण तुंगाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "स्वल्प ऐक गं. एक हडळ दारोदार हिंडते. आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं! पण हे वाचलं की मुकाट माघारी जाते."

सिद्धी पोट धरून हसली होती.

मग एका रविवारी रंगारी आले आणि दाराला झकास पोपटी रंग देऊन गेले. कोळशाची अक्षरं रंगाखाली गेली. सोमवारी चार वाजता हेब्बाळच्या ऑफिसमधून आईचा फोन आला, "मीटिंग लांबलीये, मला आठ वाजतील." सिद्धीने फोन ठेवला, तोच दार वाजलं.

"सिद्धी, दार उघड गं. किल्ली विसरले."

हुबेहूब आईचा आवाज! सिद्धीने कडीकडे गेलेला हात मागे घेतला.

"तू आई नाहीस. आई हेब्बाळला आहे."

मग बाबांचा आवाज आला. मग मावशीचा. मग शाळेतल्या हेमावती मिसचा, "सिद्धी, होमवर्क दाखव!"

एवढी घाबरलेली असूनही सिद्धीला फिसकन हसू आलं. "मिस कशाला घरी येतील? तू आपल्या आवाजात बोल की."

"तो... आठवत नाही."

"आठव. मी बसलेय इथे." ती खरंच दाराला पाठ टेकून बसली.

बऱ्याच वेळाने एका लहान मुलीचा कोरडा, घोगरा आवाज आला, "अक्का, स्वल्प नीरु." थोडं पाणी.

पोर सांगत गेली; शाळेत शिकलेली कानडी सिद्धीच्या कामी आली. शंभरेक वर्षांपूर्वीच्या प्लेगात तिच्या घरचे सगळे गेले होते. तापाने फणफणलेली ती पाणी मागत दारोदार फिरली. प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, 'नाळे बा'. शेवटच्या घराच्या पायरीवर ती बसली ती उठलीच नाही. पुढे तिने ओळखीचे आवाज काढून दारं उघडवली.

"आणि ज्यांनी उघडलं ते?"

"मी त्यांना घट्ट धरलं. ते गार पडले."

सिद्धी उठली. तिने तांब्याभर पाणी घेतलं, आणि देवाचं नाव घेऊन कडी काढली.

आठ-नऊ वर्षांची पोर. झिंज्या, तापाने लाल डोळे. तिने सिद्धीचं मनगट धरलं तशी बर्फासारखी कळ खांद्यापर्यंत चढली. सिद्धीने हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने तांब्या तिच्या ओठांना लावला. "आधी पी."

पोर घटाघटा प्यायली. मग आणखी एक तांब्या. मग तिसरा. हळूहळू तिची बोटं कोमट झाली, पकड सुटली.

"नाव काय तुझं?"

ती चकितच झाली. हे कुणी विचारलंच नव्हतं. "गंगव्वा."

एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ढोल घुमले. "अक्का, ते काय?"

"शेंगांची जत्रा. येतेस?"

दोघी धावतच गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाचे ढीग. गंगव्वाने दोन्ही मुठी भरून शेंगा घेतल्या आणि थेट आकाशपाळण्यात जाऊन बसली. पाळणा वर गेला तेव्हा ती खदाखदा हसत होती. खाली आला तेव्हा तिच्या जागेवर फक्त टरफलं होती.

पाळणेवाला गोंधळला. "तुझी धाकटी बहीण कुठे गेली?"

"घरी गेली, अण्णा," डोळे पुसत सिद्धी म्हणाली, आणि टरफलं झाडून स्वतःच पाळण्यात चढून बसली.