शिवलेली पाने

पाटलांच्या भुरीबाईने पुस्तक हातात असे धरलेच नव्हते. पदराचे टोक बोटांभोवती गुंडाळून, मेलेला उंदीर उचलावा तसे तिने ते एका कोपऱ्याला चिमटीत पकडले होते. मास्तरांच्या ओसरीखाली ती भर दुपारच्या उन्हात उभी होती. त्यांच्या बायकोने, धनुबाईने, वर येऊन बसायला सांगितले, पण तिचे पाऊल पायरीला लागले नाही.

"हाई काय शिवेल शे, मास्तरनी?"

धनुबाईच्या हातातले सूप थांबले.

"काई नही, मोठी माय. कामना नहीत त्या पानं शेतस. म्हनीसन टाका घालेल शे."

"कामनं नही ते पान लोक फाडतस. शिवस कोन?" भुरीबाईने पुस्तक किंचित हलवले. शेवटची पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली होती आणि त्यांच्या कडेने काळ्या दोऱ्याची बारीक, सरळ रेघ गेली होती. "आनि तेबी काया दोराना टाका!"

"सुईमा तोच व्हता."

"हां. तोच व्हता." म्हातारीने ते शब्द जिभेवर घोळवून पाहिले, जसे बाजारात चिंच चाखून पाहतात. "मन्ही वऊना पोटमा जीव शे, आनि मन्हा घरमा गाठ मारेल पोथी. माले काय येडी समजनी का तू?"

गाठ हा शब्द ऐकला आणि धनुबाईने सूप खाली ठेवले. पाटलांच्या घरची रीत तिला ठाऊक होती. सातवा महिना लागला की त्या घरात कोणी गाठ मारीत नसे. बैलाचे दावेदेखील खुंटीला नुसते वेढून ठेवीत, सुई आडवी टाकून देत. पोटातल्या जिवाची वाट अडते म्हणत. हे सारे तिला माहीत होते. पण टाके तिने आपल्या घरी बसून घातले होते आणि पुस्तक त्या घरी जाणार होते. या दोन गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी आल्याच नव्हत्या.

"आना, मी उसई देस," टाके उसवायला हात पुढे करीत ती म्हणाली.

"काई नको. पोथी मन्हाकडे ऱ्हाई." भुरीबाई वळली. जाताना मात्र थांबून तिने ओसरीकडे नव्हे, तर आतल्या अंधाराकडे पाहिले, जिथे पाळणा टांगायची कडी रिकामी होती.

*

रेवजी मास्तर लोकल बोर्डाच्या शाळेवर ब्राह्मणपुरीला बदलून आले तेव्हा धनुबाईला इथे कोणी नव्हते. सुंदरबाई ही भुरीबाईची धाकटी सून, धनुबाईहून बरीच लहान. शेंगा फोडायच्या निमित्ताने ती येऊ लागली आणि जात्याखाली सांडलेल्या पिठात बोटाने अक्षरे काढता काढता वाचायला शिकली. तिची बोटे काळ्या मातीत वाढलेली, पण पिठावर ती अशी हलके फिरत, जणू खाली काहीतरी झोपलेले आहे. तिचे पहिले बाळंतपण माहेरी झाले आणि मूल गेले. दुसरे इथे झाले, तेही गेले. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा एक दिवस ती शेंगा फोडताना अचानक म्हणाली होती,

"बहीन, पोथीसमा आपलं काई लिखेल ऱ्हास का? बायास्नं?"

तो प्रश्न धनुबाईच्या मनातून जाईना. मग तिने नवऱ्याच्या मागे लागून नंदुरबारच्या वाचनालयातून पुस्तके मागवली. मास्तर संकोचाने अर्धे झाले, पण धोतराच्या घडीत लपवून त्यांनी ती आणली. सारी पुस्तके धनुबाईने आधी स्वतः वाचली. एकात गर्भिणीने हवेशीर माडीवर पलंगावर पहुडावे आणि सकाळ-संध्याकाळ ताजी द्राक्षे खावीत असे लिहिले होते. ते तिने सुंदरला वाचून दाखवले तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. "द्राक्षं! आठे बोरं बी सासूले इचारीसन खानी पडतस," सुंदर म्हणाली होती. दुसऱ्यात गर्भिणीने मोठ्याने हसू नये, असे होते. ते तिने मिटून बाजूला ठेवले. तिसरे एका डॉक्टराने साध्या भाषेत लिहिलेले होते: काय खावे, किती चालावे, सुइणीने नखे कापून ऊन पाण्याने हात धुवावेत. धनुबाईने तेच निवडले.

फक्त शेवटचे प्रकरण तिला अडचणीचे वाटले. त्यात कशाकशाने बाई दगावते ते एकामागून एक सांगितले होते, आणि ज्या शांत भाषेत मुगाचे कढण कसे करावे हे सांगितले होते त्याच भाषेत. दोनदा रिकाम्या ओटीने उठलेली सुंदर एकेका शब्दावर बोट ठेवून हे वाचील, आणि मग रात्ररात्र डोळे उघडे ठेवून पडेल, असे तिच्या डोळ्यांपुढे आले. पुस्तक परक्याचे, म्हणून फाडवेना. तिने सुई घेतली. शिवताना ती मान दुसरीकडे वळवून शिवत होती. ती पाने पुन्हा दिसू नयेत असे तिला स्वतःलाही वाटत होते. पण ते तिने तेव्हा कबूल केले नाही.

*

भुरीबाई पुस्तक घेऊन गेली आणि गावाची नजर बदलली. कोणी काही बोलले नाही. विहिरीवर धनुबाईने घागर टेकली की शेजारची घागर कोणीतरी सहज उचलल्यासारखी करून पलीकडे नेई. एकदा पाठमोरी असताना तिच्या कानी आले, "वांझनी नजर निस्ती डोयामाईन नही लागस व माय, सुईमाईन बी लागस." त्यावर दबलेले हसू झाले. तिने दोर ओढला, घागर भरली, आणि मान ताठ ठेवून घरी आली. चुलीपुढे बसल्यावर मात्र तिने स्वतःलाच तपासायला घेतले. सुंदरचे पोट दिसू लागले तेव्हा आपल्याला काय वाटले होते? आनंदच ना? निखळ? उलटतपासणी घेणाऱ्या फौजदारासारखी ती स्वतःला खोदून विचारीत राहिली, आणि कोणत्याच उत्तरावर तिचा विश्वास बसेना.

संशय असा एका घरात थांबत नाही. आता तीही पाटलांच्या घराकडे तसेच पाहू लागली. सुंदरला पोटभर खायला देत असतील का? ती येत का नाही? आणि पुस्तक म्हातारीच्या हाती लागले कसे? सुंदर ते बाजरीच्या कोठीमागे ठेवीत असे. हे दोघींखेरीज कोणालाच माहीत नव्हते.

एका दुपारी परसातल्या काटेरी कुंपणापलीकडून हाक आली.

"बहीन."

सुंदर उभी होती. धनुबाईने तिला पाहिले आणि हातातले शेणाचे घमेले खाली ठेवले. चेहरा फुगला होता, डोळे बारीक झाले होते, आणि मनगटावरच्या बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या.

"पोथी मीच दाखाडी सासूले," ती म्हणाली. "माले भ्या वाटनं. रातले हात लावू तर त्या पानं घट्ट, जशा कोनी दात आवयेल शेतस. तू माले सांगं का नही?"

"ते ऱ्हाऊ दे. तोंडले सूज कवयपाईन शे?"

"सासू म्हनस पोऱ्या व्हई, म्हनीसन आंग भरनं. डोकं मातर लई ठनकस. डोयापुढे काजवा उडतस, दिवसनाबी."

धनुबाई कुंपणाशी आली. "लघवी कमी व्हस का?"

सुंदरने चमकून पाहिले. तिच्या सुजलेल्या पापण्यांमागे काहीतरी हलले आणि स्थिर झाले.

"हाई तुले कसं समजनं?"

"तू आजच शहादाले जाय. दवाखानामा. आत्तेच."

"बहीन," सुंदर हळू म्हणाली, "त्या पानस्वर हाईच व्हतं का?"

धनुबाईने नजर खाली वळवली. सुंदर पाऊलभर मागे सरली, मग आणखी एक पाऊल. एक हात तिने पोटावर आडवा धरला, जसा वाऱ्यापुढे दिव्याला धरतात.

*

ज्या दारी आपले नाव घेतले जात नाही त्या दारी धनुबाई कधी गेली नसती. पण त्या दिवशी ती डोक्यावरचा पदरही नीट न करता पाटलांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. सुंदरचा नवरा हिंमतराव औताला लोखंडी पास बसवीत होता. त्याने मान वर केली. भुरीबाई दारात आली आणि दोन्ही हात चौकटीला टेकून उभी राहिली, म्हणजे आत वाट उरू नये.

"हिंमतभाऊ, गाडी जुपा. सुंदरले शहादाले लई जा. हाई सूज पोऱ्यानी नही, इखनी शे."

"तुम्हले कसं म्हाइत, मास्तरीनबाई?" तो उठला नाही. आवाजही चढला नाही.

"पुस्तकमा लिखेल शे."

"कोनता पानवर?"

हिंमतरावाने आईकडे पाहिले. म्हातारी आत गेली, आणि पदराच्या चिमटीत पुस्तक घेऊन बाहेर आली. तिने ते अंगणात, धनुबाईच्या पायांपुढे ठेवले.

"जेन्ही गाठ मारी तेन्हीच सोडानी."

कात्री मागायची तिला हिंमत झाली नाही. धनुबाईने पुस्तक उचलले, काळा दोरा दातांत धरला आणि तोडला. टाके एकेक करून ओढले. पाने सुटताना बारीक करकरली. सुंदर आतून येऊन उंबऱ्यावर बसली होती. तिला कोणी येऊ नको म्हणाले नव्हते.

धनुबाई वाचू लागली. शाळेच्या मराठीत, त्या अंगणात कोणीच बोलत नसलेल्या भाषेत. "गर्भिणीच्या हातापायांस व मुखास सूज येणे, मस्तकशूळ होणे, दृष्टीपुढे ठिणग्या दिसणे, मूत्र अल्प होणे, ही लक्षणे एकत्र दिसतील तर तिळमात्र विलंब न लावता…"

"देखा!" भुरीबाईचा आवाज चिरका झाला. "लिखेल शे तसंच व्हयनं! हिन्ही शिवीसन घरमा धाडं, आनि मन्ही वऊना आंगमा उतरनं. शब्दनाशब्द!"

जितके पुस्तक खरे ठरत होते, तितकी धनुबाई खोटी ठरत होती. आणि या फासातून बाहेर पडायची वाट तिला दिसेना.

"फुढे वाचा," हिंमतराव म्हणाला.

"फुढे नको, भाऊ."

"आखो लपाडी ऱ्हायन्यात का, मास्तरीनबाई?"

उंबऱ्यावरून सुंदर तिच्याकडे एकटक पाहत होती. धनुबाईने ओळीवर बोट ठेवले, जसे ती सुंदरला ठेवायला शिकवीत असे, आणि ज्यासाठी सारे टाके घातले होते ते वाक्य मोठ्याने वाचले: "विलंब झाल्यास झटके येऊन माता व अर्भक उभयतांचा अंत होतो."

अंत हा शब्द सर्वांना समजला.

हिंमतराव उठला. हात धोतराला पुसले. "खरं ऱ्हायनं तर दवाखाना शेच," तो म्हणाला. "खोटं ऱ्हायनं, तर मास्तरले सांगी ठेवा, या गावमा तुम्हनं पानी ऱ्हावाव नही." आणि तो बैल सोडायला गोठ्याकडे गेला.

गाडीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली. सुंदरला उचलून ठेवताना धनुबाई आपोआप पुढे झाली, चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला. भुरीबाईने हात आडवा केला. जोर लावला नाही, नुसता केला. धनुबाईने पाय खाली घेतला. तिने गाडीत पाहिले. सुंदरने डोळे मिटलेले होते. प्रकाश सहन होत नसावा. बैलांनी माना हलवल्या, गाडी हलली, आणि तेव्हा डोळे न उघडताच ती बोलली.

"मी वाची लेती ना, बहीन. माले वाचता येस ना."

*

शहाद्याच्या दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवले, सुया टोचल्या. दुसऱ्या दिवशी झटके आलेच, पण डॉक्टर उशाशी होता. मुलगी झाली, दिवस भरण्याआधी, ओंजळीएवढी. तिला कापसात गुंडाळून ठेवावे लागले. दोघी जगल्या. हे धनुबाईला मास्तरांकडून कळले, आणि मास्तरांना हिंमतरावाकडून. तो शाळेच्या फाटकापाशी आला होता. एवढेच म्हणाला, "मास्तर, जीव वाचना." मग वळून गेला. घराकडे तो आला नाही. पुस्तकही परत आले नाही.

बारशाचे बोलावणे गावभर फिरले. हळदकुंकवाची वाटी घेतलेली पोर मास्तरांचे घर सोडून पुढच्या घरी गेली. धनुबाई त्या वेळी ओसरी सारवीत होती. तिने हात थांबवला नाही.

मग सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहीर पुजायचा दिवस आला. सकाळीच डफ वाजू लागला. पाटील गल्लीतून बाया निघाल्या, पश्चिमेच्या विहिरीकडे, मास्तरांच्या घरावरूनच वाट होती. गाणे म्हणत, एकमेकींना कोपरखळ्या मारीत त्या आल्या. मधोमध सुंदर होती: डोक्यावर तांब्याचा कलश, हिरवे लुगडे, चेहरा पुन्हा पूर्वीसारखा निमुळता, थोडा फिका. कडेशी कापडात गुंडाळलेली मुलगी. भुरीबाई शेजारून चालत होती, पण ती गाण्यात रंगली होती, तिचे लक्ष नव्हते.

धनुबाई ओसरीच्या खांबाशी उभी होती. त्या मुलीचे केस, एवढेसे काळेभोर, तिला दिसले. कपाळ दिसले. एक मूठ कापडाबाहेर येऊन हवेत उघडत होती. पाहावे इतकेच तिला वाटत होते. दुसरे काही तिने मागितले नव्हते.

सुंदरने तिला पाहिले. पावले मंदावली. तिचे ओठ किंचित हलले, आणि मग तिने मोकळ्या हाताने पदर ओढून मुलीच्या तोंडावर घेतला.

ऊन लागू नये म्हणूनही असेल. धनुबाईने तसेच मनाशी म्हटले. पण कोवळे ऊन त्या साऱ्या बायांच्या पाठीवर होते, आणि त्यांच्या लांब सावल्या त्यांच्या पुढे पुढे चालल्या होत्या.

कलश डोक्यावर, मूल कडेवर, आणि वर तो पदर धरून ठेवायचा. सुंदरचा हात अवघडला होता. धनुबाईने मान वळवली, खांबाकडे पाठ केली आणि घरात जाऊन दार लोटून घेतले, म्हणजे सुंदरला तो पदर सोडता यावा.