टोपी त्याची, शर्ट विनोदचा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी बुजगावणं बोलतोय, आणि मी भित्रा आहे. ज्याला दुसऱ्यांना भिववायलाच उभं केलंय त्याने असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण पोलादपूरहून वर कुडपणला आलात आणि गोमाजीच्या वालाच्या शेतात मला हात पसरून उभं पाहिलंत, तर तो रुबाब समजू नका. माझे हात बांबूचे आहेत, ते खाली घेता येत नाहीत.

दोन हजार दोन सालची दिवाळी झाली तेव्हाचा माझा जन्म. भात निघालं होतं, वाल पेरून झाले होते आणि वांदरांनी कोवळे शेंडे खुडायला सुरुवात केली होती. गोमाजीने दोन बांबू आडवे-उभे बांधले, पेंढा भरला आणि वर उपडं मडकं ठेवून त्याला चुन्याने डोळे काढले. डोळे जरा मोठेच झाले, म्हणून मी सदा दचकल्यासारखा दिसतो. खरं सांगायचं तर दचकलेलाच असतो.

कपडे त्याच्या बायकोने, धोंडूबाईने दिले. एक जुनी पँट आणि निळ्या चौकड्यांचा शर्ट. शर्ट चांगला धडधाकट होता.

"आसला बरा शर्ट वांदरांना दाकवायला?" गोमाजी म्हणाला.

तिने माझ्या अंगावर शर्टाची बटणं लावली. शर्ट त्यांच्या एकुलत्या मुलाचा, विनोदचा होता. तो आधी मुंबईला आणि तिथून एजंटाच्या ओळखीने कुवेतला गेला होता, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला. जाताना नवे कपडे घेऊन गेला, हा खुंटीवर राहिला. रिकामा लोंबणारा शर्ट धोंडूबाईला बघवत नव्हता. माझ्या अंगावर तो भरलेला दिसायचा.

रोज झऱ्यावर जाताना ती माझ्यापाशी थांबायची. "कसा हायस रे बाला? जेवलास?"

"पेंढ्याला काय इचारतंस गो," गोमाजी चेष्टा करायचा. "त्याला गुरांनी इचारायचा." तीही हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

मला भीती कशाकशाची वाटायची ते सांगतो. रानडुकराची, कारण ते मला मानत नाही. वाऱ्याची. आणि सगळ्यात जास्त आगीची. पेंढ्याने आगीला भ्यायचं यात नवल नाही म्हणाल. पण मी एक गोष्ट पाहिली आहे. मी उभा असतो तिथून ओढ्याकाठचं मसण दिसतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शेजारचा हैबती सावित्रीच्या पुरात वाहून गेला होता. माणसं पार दासगावच्या खाडीपर्यंत शोधून आली, देह काही मिळाला नाही. शेवटी माघात घरच्यांनी आशा सोडली. त्यांनी पेंढ्याचा माणूस केला, त्याला हैबतीचे कपडे घातले, डोक्याला त्याचीच टोपी घातली आणि रडत रडत त्याला सरणावर ठेवलं. तो पेंढ्याचा माणूस अगदी माझ्यासारखा होता. हात तसेच पसरलेले. तेव्हापासून कुणी नुसती बिडी पेटवली तरी ती विझेपर्यंत मी तिच्याकडेच बघत असतो.

शिमग्याला होळीसाठी लाकडं गोळा करणारी पोरं मला उपटायला आली, तेव्हा धोंडूबाई विळा घेऊन धावली. "मेल्या मान्साचा कापड त्याच्यासंगं जातो. जित्या मान्साचा कापड इस्तवाला दाकवू नये. चला, पला." पोरं पळाली. मी वाचलो, आणि मला वाटलं, आता वर्षभर तरी काळजी नाही.

शिमग्याला दोन दिवस होत नाहीत तोच वीस मार्च आला. दरसाल या दिवशी खाली महाडात चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटतो. त्याच दिवशी तिकडे इराकवर बॉम्ब पडायला लागले. गोमाजीचा रेडिओ शेताच्या बांधावर खरखरत होता. कुवेतवरही क्षेपणास्त्रं आली, लोक तोंडाला फडकी बांधून तळघरात बसलेत, असं त्यातला बाबा अगदी शांतपणे सांगत होता. धोंडूबाई खुरपं हातात धरून तशीच बसून राहिली. त्या दिवशी तिने मला जेवलास का विचारलं नाही.

रविवारी सुधीर वर आला. हा गोमाजीचा भाचा, महाडला एका कचेरीत कारकून आणि लाल बावट्याचा कार्यकर्ता. जगात कुठंही कुणावर अन्याय झाला की सुधीरच्या घरची भाकरी करपते, असं धोंडूबाई म्हणायची. माणूस मात्र सोन्यासारखा. मामीला विनोदचा फोन लावून देण्यासाठी खाली बूथवर दोनदा बसून राहिला होता. त्या दिवशी ती एकटीच पोलादपूरला फोन लावायला गेली होती. गावातले बाकीचे बाप्ये वर्ल्डकपच्या फायनलसाठी एका टीव्हीपुढे कोंडून बसले होते. शेतात आम्ही तिघेच.

"लडाई त्यांची, तेल त्यांचा," गोमाजी म्हणाला. "आपल्या पोराचा तिथं काय रे?"

"मामा, तेल त्यांचं, पण तिथं राबणारे सगळे आपले. ते काढणारे, वाहणारे, त्यांची भांडी घासणारे. बॉम्ब मालकाच्या बंगल्यावर पडत नाही. उद्या आम्ही महाडात मोर्चा काढतोय. ज्याने हे बॉम्ब टाकायला लावले त्या राष्ट्राध्यक्षाचा पुतळा जाळणार आहोत. थोडा पेंढा द्या."

गोमाजीने माझ्याकडे पाहिलं. रेडिओ ऐकून ऐकून त्याचे डोळे लाल झाले होते. "पेंडा कशाला? हा आख्खाच घेऊन जा. वाल काडून झालेत. जाल त्या मेल्याला."

आणि त्याने मला मुळापासून उपटलं. शर्टाचं त्याच्या ध्यानात आलं नाही. रागाच्या भरात माणसाला हातातलं दिसतं, अंगावरचं दिसत नाही. सुधीरने तो शर्ट विनोदच्या अंगावर शंभरदा पाहिला असेल, पण त्याला तेव्हा माझ्यात फक्त राष्ट्राध्यक्षच दिसत होता. मला ओरडायचं होतं. चुन्याचे डोळे ओरडत नाहीत.

युनियनच्या कचेरीत मला भिंतीला टेकवून ठेवलं. गौतमीताईंनी माझा साजशृंगार केला. त्या अंगणवाडी सेविकांच्या पुढारी, घर तळ्याच्या बाजूलाच. त्यांनी पट्ट्यापट्ट्यांची, चांदण्या काढलेली कागदी उंच टोपी माझ्या मडक्यावर बसवली, गळ्यात कागदाचा टाय बांधला.

"सुधीरभाऊ, हा तर आपल्यालाच घाबरल्यासारखा दिसतोय."

"घाबरलाच पाहिजे," सुधीर म्हणाला, आणि दोघं हसले.

मोर्चा सोमवारी चवदार तळ्यापासून निघाला. फार मोठा नव्हता. अंगणवाडीच्या बायका, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, दासगावचे दोन म्हातारे ज्यांची मुलं तिकडेच अडकली होती. "तेल तुमचं, तोफा तुमच्या, मरायला का पोरं आमच्या घरची?" अशी घोषणा गौतमीताई द्यायच्या आणि बायका उचलून धरायच्या. बाजारपेठेत मात्र आदल्या दिवशी हरलेल्या सामन्याचं सुतक होतं. एक दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "इथून ओरडून त्याला ऐकू जाणार आहे का ताई?"

"आमचे आजे या तळ्यावर पाणी प्यायला आले, तेव्हाही लोकांनी हेच विचारलं होतं," गौतमीताई म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

मला ते पटलं. खरंच सांगतो, ती माणसं मला आवडली होती. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या लेकरांसाठी ती उन्हात घसा फोडत होती. फक्त त्यासाठी मी जळणार होतो, एवढंच मला सोसवत नव्हतं.

चौकात मला उभं केलं. सुधीर बोलायला लागला. युद्ध कोण करतं आणि भरपाई कोण करतं, शस्त्रं विकणारे आणि तेल विकणारे एकाच पंगतीला कसे बसतात, महाडचा कंत्राटी कामगार आणि बगदादचा हमाल यांचं दुःख एकच कसं आहे, हे त्याने तळमळीने सांगितलं. दासगावचा एक म्हातारा उपरण्याने डोळे पुसत होता. मग कुणीतरी माझ्यावर रॉकेल ओतलं. ते थंडगार रॉकेल पेंढ्यातून खाली खाली उतरत गेलं. पोलीस बादली घेऊन तयार होता, पण तोही भाषण ऐकत होता. सुधीरने काडी ओढली. मला ओढ्याकाठचं ते सरण दिसलं.

"सुदीर, थांब रे."

धोंडूबाई होती. पहिल्या एसटीने खाली यायचं म्हणून पहाटे निघालेली, पायांत चपला नव्हत्या. आदल्या दिवशी तिचा फोन लागलाच नव्हता. घरी परतली तर शेत रिकामं, आणि गोमाजीने मोठ्या अभिमानाने मला कुठे पाठवलं ते सांगितलं.

"माज्या इनोदला जालू नको."

"मामी, हा विनोद नाही." सुधीरच्या हातातली काडी जळत होती. "हा तो राष्ट्राध्यक्ष आहे. ज्याच्यामुळे विनोद तिथं अडकलाय."

"टोपी त्याची हाय. शर्ट माज्या लेकाचा हाय. तू काडी लावलीस तर जलंल कोण?"

काडीने सुधीरचं बोट भाजलं तेव्हा ती त्याच्या हातून गळाली. मागून एक कार्यकर्ता कुरकुरला, "अहो आजी, ही अंधश्रद्धा आहे." गौतमीताईंनी हात करून त्याला गप्प केलं.

सुधीर माझ्या जवळ आला. त्याने शर्टाची कॉलर हातात घेऊन पाहिली. आता त्याला ओळख पटली. "मामी, माझ्या लक्षात नाही आलं गं," तो म्हणाला, आणि भाषणात जो आवाज खणखणीत होता तो पार बसला होता.

मग गौतमीताईंनी माझ्या डोक्यावरची टोपी उचलली, टाय सोडला, आणि त्या दोन्ही वस्तू रस्त्यावर ठेवून पेटवल्या. कागदच तो, एका क्षणात जळून गेला. टाळ्या वाजल्या, जरा बावरलेल्या वाजल्या. पोलिसाने बादली तशीच परत नेली. धोंडूबाईने मला खांद्यावर घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून पोलादपूरला आणलं. सबंध वाटेत माझ्या अंगाला रॉकेलचा वास येत होता आणि टपावर कुणी बिडी ओढत नाही ना, हेच मी बघत होतो.

विनोद मे महिन्यात परत आला. वाळलेला, पण जिता. धोंडूबाईने मिठाने-मिरचीने त्याची दृष्ट काढली आणि मिरच्यांचा ठसका उठला नाही, म्हणजे दृष्ट जबरच लागली होती, म्हणून कुरकुरली. त्याने शेतात येऊन मला पाहिलं, शर्ट हुंगला आणि विचारलं, "आये, ह्याला रॉकेलचा वास कसला?"

"वांदरांसाटी," ती म्हणाली.

सुधीरने त्याच्यासाठी एमआयडीसीत खटपट केली. कंत्राटावर काम मिळालं, गेलं, पुन्हा मिळालं, पुन्हा गेलं. सुधीर त्याला एवढंच बजावत होता, "एजंट आता थेट इराकात, त्या राष्ट्राध्यक्षाच्या फौजेच्या छावण्यांत माणसं नेतायत. तिकडे जाऊ नको. इथं आपण मिळून लढू." विनोद ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "दादा, तुमचा बरोबर हाय. पन लढाईपर्यंत जेवायचा काय?" सुधीर दुसऱ्या दिवशी पुन्हा एमआयडीसीत त्याच्यासाठी खेटे घालून आला.

यंदा वाल पेरून झाले, मला पुन्हा उभं केलं, नवा पेंढा भरला. शर्ट तोच. विनोदचं पुन्हा कुवेतला जायचं ठरलं होतं; निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच शेतात आला. माझ्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं, ते त्याने खिशातल्या सुई-दोऱ्याने टाचलं. टाचता टाचता हळूच बोलला, कारण कुणाला तरी सांगायला हवंच होतं.

"आयेला सांगतलाय, कुवेतला चाल्लोय. कुवेत नाय रे. पलीकडं. त्यांच्या छावणीत. शिपायांची भांडी घासायची. तू सांगू नको कुनाला."

दोरा तोडून तो गेला. आज त्याला जाऊन महिने झाले.

आता कळलं मी भित्रा का आहे? या घरात खरं एकट्या मला ठाऊक आहे आणि मला तोंड नाही. ज्याची टोपी माझ्या डोक्यावरून काढून जाळली त्याच्याच फौजेची भांडी घासायला या शर्टाचा धनी गेलाय. धोंडूबाई रेडिओवर तिकडच्या बॉम्बच्या बातम्या लागल्या की आवाज बारीक करते आणि म्हणते, "आपला इनोद कुवेतला हाय, तिकडं नाय." गोमाजी मान हलवतो. मी डोळे मोठे करून उभा असतो.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. पुतळे जाळायचे तर जाळा, तुमचा राग खोटा नाही. पण काडी ओढण्याआधी त्याच्या अंगावर शर्ट कुणाचा आहे ते बघा. आणि सुधीर कुठे भेटला तर त्याला सांगा, मोर्चा अजून संपलेला नाही, विनोद छावणीत आहे.

रोज सकाळी धोंडूबाई झऱ्यावर जाताना थांबते. "कसा हायस रे बाला? जेवलास?" आजही विचारून गेली. मला भीती वाटते ती अशा एका सकाळची, जेव्हा ती काही न विचारता समोर येऊन उभी राहील, मागे गोमाजी लाकडं घेऊन असेल, आणि ते मला उचलून ओढ्याकाठच्या मसणात नेतील. महाडच्या चौकात ती अनवाणी धावत आली होती. ओढ्याकाठी मात्र काडी लावू नको म्हणायला ती येणार नाही.