पर्वताच्या डोक्यावरची पाटी

मुलांनो, अशी कल्पना करा. तुमचे आजोबा या हिवाळ्यात गेले. आणि कुणीतरी तुम्हाला न विचारता त्यांच्या नावाची पाटी अशा जागी ठोकली, जिथे त्यांनी जन्मात कधी पाय ठेवला नाही. ठोकणारा माणूस वाईट नाही. उलट केक घेऊन तो तुमच्या घरी येतो, पाटीचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, बघा, किती छान झालंय! आता सांगा, तुमचा राग कुठे जाईल? कुणाचा तोंडात जातो, कुणाचा मुठीत.

नायोचा पायांत गेला.

नायो चौदा वर्षांची. आजोबांना ती पोउआ म्हणायची आणि आजीला ताउआ. त्यांच्या गावामागे जो पर्वत उभा आहे तो त्यांच्या घराण्याचा पूर्वज. पूर्वजाच्या डोक्यावर कुणी उभं राहतं का? दर वसंतात पोउआ नायोला घेऊन वर जायचे आणि माथ्याच्या जरा खाली, एका काळ्या खडकापाशी थांबायचे. पर्वताशी दोन शब्द बोलायचे आणि उतरायला लागायचे.

त्यांच्याबरोबर पुष्कळदा लॅक्लन असायचा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, पोउआचा जुना दोस्त. तो थेट माथ्यावर जायचा आणि तिथून ओरडायचा, "ये की रे तेओने! चार पावलं तर राहिलीत!" पोउआ खडकावर बसून हसायचे. "गुडघे रे बाबा, गुडघे!"

आता त्या माथ्यावर लोखंडी खांब होता आणि खांबावर लाकडी पाटी. पाटीवर कोरलं होतं : शेवटी पोचलास, तेओने.

लॅक्लन केक आणि फोटो देऊन गेला तेव्हा ताउआने त्याला चहा दिला, आभारही मानले. तो गेल्यावर तिने फोटो टेबलावर पालथा घातला.

"तू काही बोलली का नाहीस?" नायो कडाडली.

"बर्फ जाऊ दे. मग बोलू."

"तोवर ते तिथेच राहणार? डोक्यावर?"

ताउआने कपबशा उचलल्या. तिच्या हातात त्या जरा जास्तच वाजल्या.

रविवारी पहाटे नायोने शेडमधून मोठा पाना घेतला, पोउआची बर्फाची कुऱ्हाड घेतली आणि मागच्या दाराची कडी काढली. मागे ताउआ उभी होती.

"पुढच्या दाराने जा," ती म्हणाली. "चोर आहेस का?"

"तू अडवणार नाहीस?"

"अडवून तू थांबणार आहेस? आजोबांवर गेलीस अगदी. हे घे, टोपी. आणि ऐक. बर्फात पाय घोट्यापर्यंत रुतायला लागला की मागे फिरायचं. चार पावलं राहिली असली तरी. कबूल?"

"कबूल," नायो दातांतून म्हणाली.

खालच्या कुरणांत नवी कोकरं आयांना ढुशा देत होती. एरवी ती थांबली असती. आज एक कोकरू तारेपाशी येऊन बें बें करायला लागलं, तर ती त्याच्यावरही खेकसली. जंगल संपलं आणि बर्फ लागलं. रात्रीच्या गारठ्याने ते फरशीसारखं टणक झालं होतं. तिने बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले आणि धारेवरच्या, वाट दाखवणाऱ्या केशरी खांबांच्या रांगेने चढायला लागली. दर पावलाला खिळे कचकन रुतायचे. त्या आवाजाने तिला बरं वाटत होतं. कचकन : हे लॅक्लनला. कचकन : हे त्याच्या केकला. कचकन : हे सगळ्या मोठ्या माणसांना, जी नंतर बोलतात.

एका जागी तिचा पाय घसरला. ती पोटावर आपटली, दोन हात घसरत गेली आणि कुऱ्हाड रोवून थांबली.  रागाने चढता येतं, मुलांनो, पण राग पायाखाली बघत नाही. ती उठली, आणि पुढची वाट जरा बघून चालली. राग मात्र तसाच होता.

काळ्या खडकापाशी पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आणि समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, ती पाटी. पाटीवर एक किआ बसला होता. ते हिरवे, वाकड्या चोचीचे पोपट म्हणजे एक नंबरचे चोर. तो पाटीचा कोपरा मजेत कुरतडत होता.

"खा!" नायो ओरडली. "सगळी खा! खिळेसुद्धा खा!"

किआने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

तिने पाना बाहेर काढला. एक पाऊल टाकलं. दुसऱ्यासाठी पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

खांब माथ्यावर होता. पाना लावायचा तर माथ्यावर जायला हवं. आजोबांचं नाव पूर्वजाच्या डोक्यावरून उतरवायचं, तर तिला स्वतःलाच त्या डोक्यावर पाय द्यावा लागणार होता. घरून निघताना, सगळी वाट चढताना, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ती मागे खडकापाशी आली. मग तिने बर्फाचे गोळे वळले आणि पाटीवर फेकायला लागली. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा सणसणत गेला आणि नेमका "तेओने"वर फुटला.

नाव झाकलं गेलं. नायोचा हात खाली आला. पोउआच्या तोंडावरच मारल्यासारखं झालं होतं ते. आणि पुसायला जाता येत नव्हतं.

मग मात्र ती रडली. रागाचं रडणं, नाक लाल करणारं. लॅक्लनला शिव्या दिल्या, ताउआला दोन दिल्या, आणि एक पोउआलाही : "गुडघे, म्हणे! खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

रडता रडता तिने पाय आपटला. तो घोट्यापर्यंत आत गेला.

तिने खाली पाहिलं. वर पाहिलं. चार पावलं. पाना हातात.

पोउआ इथे पर्वताशी बोलायचे, छान, सावकाश. तिला तसं येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "थांब जरा. त्यालाच आणते." आणि टाचा रोवत खाली उतरली.

लॅक्लनच्या ओसरीवर ती पोचली तेव्हा तिची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो पायांत नुसते मोजे घालून गाजरं सोलत बसला होता. दाराशी त्याचे चढाईचे बूट होते.

"नायो! अगं, कुठून आलीस अशी?"

"वरून. पाटी काढा."

लॅक्लन हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "का गं? बेटा, त्याला आवडली असती ती. बिचारा दर वेळी चार पावलांवर अडायचा. गुडघ्यांनी दगा दिला..."

"गुडघ्यांनी? गेल्या वर्षी मेंढी खांद्यावर टाकून ओढ्यातून कोण आलं होतं? तुम्हीच सांगत फिरत होता ना गावभर?"

लॅक्लनचा चाकू थांबला.

"ते डोकं आहे," नायो म्हणाली. "आमच्या पूर्वजाचं. त्यावर ते कधीच उभे राहिले नसते. आणि तुम्ही त्यांना कायमचं उभं केलंत."

त्याने चाकू खाली ठेवला. मग म्हणाला, "मग मला सांगितलं का नाही त्याने? इतक्या वर्षांत?"

"तुम्ही वरून नुसतं 'ये, ये' ओरडलात. 'का येत नाहीस' असं एकदा तरी विचारलंत?"

लॅक्लनने पर्वताकडे पाहिलं. तिथून पाटी दिसत नाही, पण तो बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"काढतो," तो हळूच म्हणाला. "बर्फ वितळू दे, नोव्हेंबरात, उन्हाळा लागला की..."

"पहाटे बर्फ टणक असतं. उद्या पहाटे. मी खडकापर्यंत येईन. पुढे तुम्ही जा. तुम्हाला तिथे उभं राहायची सवय आहे."

"उद्या सोमवार, बेटा. दुकान आहे. तुझी शाळा आहे."

 नायोने दाराशी पडलेले त्याचे बूट उचलले, त्याच्या मोज्यांतल्या पायांपुढे आणून ठेवले, दोन्हींची तोंडं पर्वताकडे करून. उजव्या बुटात तिने पाना उभा केला. आणि ती पायरीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून, आपल्या ओल्या बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधायला.