सांडपाण्याचं वळण

रवी प्लंबरने लांबलचक स्प्रिंग न्हाणीच्या भोकातून आत सारली, खांद्याचा जोर लावला आणि ती पुढे जाईना तेव्हा शिवी गिळून ओढून काढली. तिच्याबरोबर काळं, साबणाचा उग्र वास असलेलं पाणी वर आलं. दाराशी उभ्या सायलीने ओढणी नाकाला लावली.

"मघाशी अडली तिथंच अडली," रवी म्हणाला. "भाऊ, गडबड तुमच्या या खोलीखाली आहे."

सोमनाथने खोलीकडे पाहिलं. चार दिवस घरात पाणी साचत होतं. तो पिंपळगावच्या कोल्ड स्टोअरेजमधून सुट्टी काढून घरी थांबला होता आणि आता त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

म्हसरूळचं हे घर बांधलं तेव्हा पुढे दोन खोल्या होत्या, मागे परस आणि परसाच्या टोकाला न्हाणी. पुढे सोमनाथ शाळेत जायला लागला तेव्हा कोंडाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, परसात ही तिसरी खोली वाढवली. न्हाणीचा पाइप तिच्या फरशीखालून गेटापाशी चेंबरला जाऊन मिळाला. तो कुठून कसा गेला ते एकट्या कोंडाजींना ठाऊक होतं आणि कोंडाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सरळच गेला असणार," रवी म्हणाला. "न्हाणी इकडे, चेंबर तिकडे. मधोमध फोडतो. खाट काढा."

खिडकीखालच्या कोपऱ्यातली कोंडाजींची खाट सोमनाथने ओढून पुढच्या खोलीत नेली. रवीने छिन्नी फरशीच्या सांध्यात टेकवली.

"थांब," सोमनाथची आई झुंबरबाई म्हणाली.

ती उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती. या खोलीत ती झाडू मारायला यायची, नवऱ्याचं ताट ठेवायला यायची, त्याच्या शेवटच्या आजारपणात तर दिवसदिवस यायची. पण इथे तिने पाठ कधी टेकली नाही. पाहुण्यांनी घर भरलं तरी ती स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकायची. घरात त्याची थट्टा व्हायची. सायली नवी सून होती तेव्हा म्हणाली होती, आई, त्या खोलीत काय भूत आहे का? झुंबरबाई हसली नव्हती.

"आधी नक्की कुठनं गेलाय ते बघ, मंग फोड," ती आता म्हणाली. "उगा सगळी खोली उकरू नको."

"मावशी, जमिनीखालचं मला काय दिसतंय का?"

"दिसत नाय तर ऐक."

तिला फक्त वेळ काढायचा होता. छिन्नी जिथे टेकली होती तिथून हातभर अंतरावर, खिडकीच्या बाजूला, तिची मुलगी होती.

सोमनाथच्या आधीची. पाचवी पुजायच्या आतच गेली, म्हणून नावही नाही. झुंबरबाईच्या गावाकडे असलं लेकरू लांब नेत नसत, घरामागे पुरत. म्हणजे ते वाट न चुकता पुन्हा त्याच कुशीत येतं म्हणत. कोंडाजींनी तिन्हीसांजेला परसात शेवग्याच्या बुंध्याशी खड्डा केला आणि वर पाट्याचा एक फुटका तुकडा ठेवला. दोन वर्षांनी सोमनाथ झाला तेव्हा सासरमाहेरची सगळी म्हणाली, आली बघ परत. झुंबरबाईने मान डोलावली, पण तिला ते कधी पटलं नाही. सोमनाथ तो सोमनाथ आणि ती ती. शेजारणी न्हाणीचं पाणी आपापल्या झाडांना सोडायच्या. झुंबरबाई शेवग्याला हंड्यातलं पिण्याचं पाणी घालायची. टंचाईतसुद्धा. कोंडाजी ते बघायचे आणि सायकलला टांग मारून ओझरच्या कारखान्यात कामावर जायचे.

मग तिची आई आजारी पडली आणि ती महिनाभर माहेरी राहिली. परत आली तो शेवगा गेलेला, पाट्याचा तुकडा गेलेला आणि त्या जागी चार भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. "सोमनाथला अभ्यासाला जागा झाली," कोंडाजी म्हणाले. झुंबरबाईने पिशवी ठेवली, पदर खोचला आणि पीठ मळायला घेतलं. तिने काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. दोघंही एका मातीची. जीभ झिजेल म्हणून जपून वापरणारी. तेवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, कोंडाजींनी आपली खाट नेमकी त्याच कोपऱ्यात मांडली आणि मरेपर्यंत त्या जागेवर झोपले. झुंबरबाईने हे त्यांना माफ केलं नाही. संसार केला, सेवा केली, पण रोज सकाळी न्हाणीत पहिला तांब्या अंगावर घेताना हे घाण पाणी आता लेकीच्या अंगावरून जाईल हे तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. कोंडाजी गेले त्या दिवशी ती रडली, आणि रडताना तिच्या पोटात हा राग तसाच होता.

"ऐकायचं म्हणता तर ऐकू," रवी कंटाळून म्हणाला. "मी आत स्प्रिंग खडखडवतो. कुणीतरी फरशीला कान लावा. आवाज मोठा येईल तिथे खूण करा."

सायलीने स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला आणि खूण करायला रांगोळीचा डबा. ती गुडघ्यांवर बसली, पेला फरशीवर पालथा घातला आणि त्याच्या बुडाला कान लावला. न्हाणीतून खडखड सुरू झाली.

"येतोय," ती म्हणाली आणि चिमूटभर रांगोळी सोडली. पेला पुढे सरकवला. पुन्हा चिमूट. तिसऱ्या वेळी ती थांबली. "इथे नाहीये."

"असं कसं? सरळ पुढे बघ," सोमनाथ म्हणाला.

"सरळ काहीच नाही. आवाज इकडे गेलाय." ती रांगत डावीकडे, आतल्या भिंतीकडे निघाली. "इथे आहे. इथे पण. आता भिंतीच्या कडेने चाललाय."

मग रवीने गेटाच्या चेंबरमधून उलटी स्प्रिंग घातली आणि सायलीने दुसऱ्या टोकाकडून ठिपके टाकत आणले. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. चौघंही फरशीकडे बघत उभे राहिले. न्हाणीकडून निघालेली ठिपक्यांची ओळ खिडकीच्या कोपऱ्याकडे सरळ येत होती, अलीकडेच एकदम वळून भिंतीला जात होती, कडेकडेने पुढे सरकून पुन्हा आत येत होती आणि मग सरळ गेटाकडे निघत होती. पाहुण्याच्या ताटाभोवती महिरप काढतात तशी ती ओळ मधली जागा मोकळी ठेवून गेली होती.

झुंबरबाईने दाराची चौकट धरली.

"कुठल्या मिस्त्रीचं काम आहे हे?" रवी म्हणाला. "चार वळणांना चार एल्बो! कचरा अडकणार नाही तर काय होणार?"

"मिस्त्री नव्हता. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः घातलाय," सोमनाथ म्हणाला. "कारखान्यात फिटर होते ते."

"फिटर?" रवीने मान हलवली. "फिटर माणूस असं करणार नाही हो. त्याला कळतं."

"म्हातारपणी नाही ना केलं. चांगले तरणे होते."

"मग काय सांगावं. जाऊ द्या, हा जुना तसाच सोडून देऊ. मधून नवीन सरळ पाइप टाकतो. पुन्हा तुंबायचं नाव नाही."

"टाका," सोमनाथ म्हणाला.

रवीने छिन्नी उचलली. झुंबरबाई उंबरा ओलांडून आत आली आणि खिडकीखाली, ठिपक्यांनी सोडलेल्या जागेला पाठीशी घालून, खाली बसली.

"इथनं पाणी नाय जायचं."

"आई, ऊठ. नानांनी एक चूक केली म्हणून आपणही—"

"चूक नाय ती." तिने मागे हात नेऊन फरशीवर ठेवला. "तुझ्याआधीची हाय इथं. तुझी बहीण. पाचवी पण नव्हती पुजली. तुझ्या नानांनी तिच्यावरनं पाणी नाय जाऊ दिलं, आन मला वाटलं..."

सोमनाथ आईकडे बघत राहिला, मग खाली फरशीकडे, आणि त्याचा पाय आपोआप मागे सरला. सायली सासूजवळ जाऊन बसली. रवीने छिन्नी पिशवीत घातली, पुन्हा काढली आणि भिंतीकडच्या ठिपक्यांवर टेकवली.

"वळणांवर भिंतीकडे चेंबर करून देतो, मावशी. झाकण उघडलं की साफ करता येईल. मधल्या जागेला हात लागणार नाही."

दुपार कलली तेव्हा काम उरकलं होतं. न्हाणीत ओतलेली बादली गेटापर्यंत विनातक्रार गेली. सायली उरलेले ठिपके पुसायला फडकं घेऊन आली, पण सासूकडे बघून तशीच परतली. सोमनाथने खाट उचलून आणली आणि ती समोरच्या भिंतीला लावायला निघाला.

"तिकडं नको," झुंबरबाई म्हणाली. "व्हती तिथंच ठेव."

त्याने ठेवली. मग तो बाहेर गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

झुंबरबाई खाटेच्या कडेला बसली. उशाला कोंडाजींचं घोंगडं तसंच घडी घालून होतं. खाटेच्या चार पायांमध्ये कुणाचं पाऊल पडू शकणार नव्हतं, हे आजवर तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिने घोंगड्यावर हात ठेवला.

"एवढं तरी सांगायचं व्हतं मला," ती म्हणाली.

मग तिने त्या खोलीत पहिल्यांदा पाठ टेकली. कुशीवर वळली आणि एक हात खाटेखाली, फरशीला टेकेल असा सोडून पडून राहिली.